पाहणीचा तास

...नाही, मला एवढंच सांगा, शाळेला सुट्टी आहे हे शाळेतल्या मास्तरला फाटकाचं कुलूप बघून कळावं? बारा वर्षं झाली हो मला कोरियात! मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, किंबर्लीचा, नाव थिओ, गोहुंगच्या समुद्रकाठी एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि तुम्हाला सांगतो, बारा वर्षांत एक गोष्ट... एक गोष्ट मला वेळेवर कळलेली नाही! फाटकापाशी कुडकुडत फोन लावावा, तर आमच्या उपमुख्याध्यापक पांग साहेबांचा झोपाळू आवाज, "अरेच्चा, आज शाळेचा स्थापना दिवस नाही का! तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? सगळे निरोप शिक्षकांच्या संगणकावर येतात, फक्त माझ्या येत नाहीत, कारण ते जोडून देणारा गृहस्थ म्हणतो, "परदेशी सर दर वर्षी बदलतात, उगाच कशाला जोडायचं?" अहो, पण मी बदललोच नाही ना! बुधवारी अख्खी शिक्षकखोली गायब, शोधत शोधत जावं तर सगळे व्यायामशाळेत व्हॉलीबॉल खेळतायत, आणि मी चामडी बुटात. एकदा तर टाय लावून डोंगर चढलोय मी, शिक्षकांची सहल होती म्हणे! माथ्यावर पोचलो तेव्हा पांग साहेबांनी काकडी सोलून हातात दिली, वर आणि, "टाय कशाला थिओ सर? तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

हसा, हसा. मीही हसायचो. पण या वर्षी शिक्षण कार्यालयाने कळवलं... मला नाही, पांग साहेबांना... की मुलं कमी झालीत, तेव्हा परदेशी शिक्षक ठेवायचा की काढायचा, ते त्याचा एक तास बघून ठरवू. आता माझा करार वर्षावर्षाचा. करार गेला की व्हिसा गेला, व्हिसा गेला की शाळेने दिलेली खोली गेली, आणि मग जायचं कुठे? किंबर्लीत माझं काय उरलंय? आई गेली, घर भावाने विकून टाकलं. मला स्वप्नंसुद्धा इथली पडतात हो! भीती वाटली. खरंच सांगतो, जाम भीती वाटली.

पांग साहेब म्हणाले, "काळजी नको, तालीम करू." आता पाहणीच्या तासाची तालीम म्हणजे काय, तर तोच धडा, तेच प्रश्न, तीच उत्तरं, आठ दिवस! मुलं किती? चार! चौथीच्या वर्गात चार मुलं, आणि प्रत्येक प्रश्नाला चारही हात वर गेलेच पाहिजेत. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा, सरांनी फक्त उजव्यांना विचारायचं! मुलांना काय हुरूप! आणि धड्याचा शेवट सो-दामवर. ही एवढीशी पोर, आजीबरोबर राहणारी. मी इंग्रजीत विचारायचं, "तू कुणाबरोबर राहतेस?" तिने उभं राहून म्हणायचं, "मी माझ्या आजीबरोबर राहते. माझी आजी कालवं काढते. माझी आजी फार बडबड करते." की लगेच बाकीच्या तिघांनी हसायचं. पांग साहेबांनी कागदावर लिहूनच दिलं होतं, 'इथे हशा'.

पाहणीच्या आधी सो-दाम तीन दिवस आलीच नाही. शेवटचा प्रश्न कुणाला विचारू? वर्गात माझ्या मदतीला असतात त्या मिन बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "सर्दी झालीय, येईल." आणि आली हो, अगदी पाहणीच्या सकाळी. केसात पांढऱ्या कापडाची छोटीशी पिन. मी काय म्हणावं? "वा वा, छान आहे गं पिन! नवी का?"

ती म्हणाली, "हो सर."

तास सुरू झाला. मागे तीन साहेब मांडीवर कागद घेऊन. उजवे हात, डावे हात, सगळं कसं घड्याळ लावल्यासारखं. शेवटी मी विचारलं, "सो-दाम, तू कुणाबरोबर राहतेस?" ती उभी राहिली. क्षणभर थांबली, मला वाटलं विसरली, मी मान हलवून हलवून तिला धीर देतोय! मग खणखणीत आवाजात, "मी माझ्या आजीबरोबर राहते. माझी आजी कालवं काढते. माझी आजी फार बडबड करते." आणि ती तीन मुलं... ठरल्याप्रमाणे हसली. साहेब हसले. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं माहितीये? मी.

बाहेर आल्यावर पांग साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "जिंकलात! आणि पोरीने कमाल केली हो! कालच आजीला माती देऊन आली, पण एक शब्द चुकली नाही."

"कुणाला माती?"

"अरेच्चा... तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

ती पिन सुतकाची असते. बारा वर्षं राहून मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी कुणाच्या मयताला कधी गेलोच नाही, कारण कोण गेलं तेच कधी कळलं नाही! मी मिन बाईंवर ओरडलो, शाळेच्या मधोमध, आयुष्यात पहिल्यांदा. त्या खाली बघून म्हणाल्या, "तुमचा चेहरा लगेच पडतो सर, तास बिघडला असता. मी तिला म्हटलं होतं, वाक्यं बदलू या. ती म्हणाली, नको, सरांची नोकरी जाईल."

नऊ वर्षांची पोर हो!

ती जेवणघरात बसली होती, भात सूपमध्ये कालवत. मी समोर जाऊन बसलो. बारा वर्षं भाषा शिकवतोय, आणि केलं काय, तर तिच्या पेल्यात पाणी ओतलं. शेवटी तीच म्हणाली, "सर, मी बरोबर म्हटलं ना?"

"बरोबर म्हटलंस बाळा. पण आता तू राहणार कुणाबरोबर?"

"मामाकडे, क्वांगजूला. मार्चपासून तिकडचीच शाळा." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी समजुतीने, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, सर?"

करार वाढला. एक वर्ष. कार्यालयाचं पत्र आलं, पांग साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. शेऱ्यात लिहिलं होतं, 'या शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या घरची खडान्‌खडा माहिती आहे.' खाली, 'वरील मजकूर मान्य', आणि माझ्या सहीची जागा.

केली.