न भरणारा खड्डा

(विरारच्या उत्तरेला वैतरणेची खाडी. भरदुपार. नांगर टाकलेल्या होडीत दोघंच.)

ऋतिका : नाही काका, इंजिन नका सुरू करू. खाडीची खोली परत मोजू दे. हा आकडा येऊच शकत नाही.

शत्रुघ्न : किती आला?

ऋतिका : सव्वानऊ मीटर. गेल्या महिन्यात बरोब्बर नऊ होता. आजूबाजूचा तळ चारवर, आणि इथे मधेच विहिरीसारखा खड्डा. ही बघा यंत्राच्या पडद्यावर कड, कशी सरळ उभी आहे!

शत्रुघ्न : त्यात येवढं काय, मॅडम? इथं आमी रेती काढायचो. खड्डा तेव्हाचा.

ऋतिका : तेव्हाचा म्हणजे?

शत्रुघ्न : बावीस वर्सं झाली.

ऋतिका : मग तो कधीच भरायला हवा होता. भूगर्भशास्त्र शिकलेय मी काका, एवढं तर कळतं. नदी वरून गाळ आणते, भरती खालून चिखल आणते. असा खड्डा दोन पावसाळे टिकत नाही. हा तर गेल्या आठवड्यात खणल्यासारखा दिसतोय. कोणीतरी चोरून रेती उपसायला पंप लावतंय. मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल.

शत्रुघ्न : पंपानं कड अशी उभी ऱ्हात नाय, सगळं ढासळतं. ही हाताची खोदाई. डुबीची.

ऋतिका : डुबी?

शत्रुघ्न : बुडी मारनारा. होडीतनं बांबू तळाला रोवायचा. एकानं वर तो धरायचा, दुसऱ्यानं बांबू धरून खाली जायचं, दम कोंडून पाटी भरायची नि वर. दिवसाला शंभर-शंभर बुड्या. वर मी, खाली माझा धाकटा भाऊ. हितेश.

ऋतिका : आणि आता कोण मारतं बुड्या?

शत्रुघ्न : कोन नाय. गावात जेवढे डुबी उरलेत, सगळ्यांचे कान गेलेत.

ऋतिका : मग हा खणतंय कोण?

शत्रुघ्न : आधी ही बाटली बघा. हसू नका पन.

ऋतिका : रेतीच आहे. काळी, जड. वळणाच्या आतल्या अंगाला असाच थर साचतो. अरे! हे पिवळं काय?

शत्रुघ्न : तेच विचारायचं होतं. म्हनून तर तुमच्या होडीवर कामाला आलो. सोनं हाय का?

ऋतिका : बावीस वर्षांत सोनाराला नाही दाखवलंत?

शत्रुघ्न : पाय उचलला नाय. आमची एक रीत होती, मॅडम. दिवसाची शेवटची पाटी घरी न्यायची नाय, खाडीला परत द्यायची. त्या दिवशी शेवटची पाटी आली, ती उन्हात चमकली. हितेशचे ओठ निळे पडलेले. बोलला, दादा, ओत ही, घरी जाऊ. नि मी बोललो, येडा झाला काय, सोनं हाय! तिथंच परत जा, अजून आन.

ऋतिका : आणि तो गेला.

शत्रुघ्न : माझा शब्द त्यानं कधी मोडला नाय. मी बांबू सोडून दाने वेचत बसलो. ध्यान आलं तेव्हा लय उशीर झाला होता. गावानं तीन दिवस खाडी शोधली. काय हाताला लागलं नाय.

ऋतिका : काका...

शत्रुघ्न : खड्डा भरनार कसा? तो अजून आनतोय. थांब म्हनून मी बोललोच नाय त्याला.

ऋतिका : असं नसतं हो. प्रवाहाचा भोवरा असेल, कड खचत असेल...

शत्रुघ्न : आता पानी हलतंय?

ऋतिका : नाही. ओहोटी संपलीय, एकदम स्थिर आहे. पण... तळातून गढूळ वर येतंय. फक्त इथेच.

शत्रुघ्न : भिऊ नका. तुमी सोनं बघा.

ऋतिका : थांबा. सोनं दाबलं की चेपतं, फुटत नाही. सुरीखाली धरते एक दाणा... फुटला. काळी पूड झाली. काका, हे सोनं नाही. लोखंड आणि गंधक मिळून चिखलात असे दाणे होतात. माफ करा.

शत्रुघ्न : नक्की?

ऋतिका : नक्की.

शत्रुघ्न : बरं झालं, बाय. लय बरं झालं. सोनं निघालं असतं तर कुठल्या तोंडानं बोलावला असता त्याला? आना ती बाटली. हितेश! ए हितेश! दादा हाय रे. सोनं नाय ते. माझं चुकलं. ही बघ, ओतली खाडीत. बास झालं आता. वर ये.

ऋतिका : काका, यंत्र बिघडलं वाटतं. नऊ होते, आता आठ दाखवतंय. सात. खाली काहीतरी आहे, वर सरकतंय. पाच... काका, मी वाकून बघू का?

शत्रुघ्न : नको. जरा तोंड तिकडं करा, मॅडम. नुसत्या लंगोटीवर हाय तो. बाईमानसासमोर वर यायला लाजंल.