हात लावायचा नाही म्हणे

...आणि वर म्हणतात काय, तर या खेळात हात लावायचा नाही! अहो, तुम्हाला सांगतो, मानपाड्याच्या दामाजीला हे सांगणं म्हणजे बोक्याला सांगणं, बाबा रे, बोंबील नुसता बघ. जन्मभर कबड्डी खेळलेला माणूस, पाय दिसला की धरणारा, आणि त्याला नौपाड्याच्या पाव्हण्यांनी लग्नाआधी बोलावलं कशाला, तर बास्केटबॉलला! वरपक्ष विरुद्ध वधूपक्ष, मैत्रीचा सामना म्हणे. नवरामुलगा केतन, उंच, गोरा, नाक कसं धारदार. पंच कोण, तर त्याचेच वडील गुरुदत्तराव, गळ्यात शिट्टी. आणि नवरीने, म्हणजे दामाजीच्या बहिणीने, दिपिकाने, आधीच दम भरलेला, "दादा, केतनला काय झालं ना, तर मांडवात पाय ठेवायचा नाहीस." आईबाप गेल्यावर ह्यानेच वाढवलेली हो तिला!

घेतली की दामाजीने शप्पथ, हात लावणार नाही म्हणून. पण केतन चेंडू आपटत अंगावर आला, पाय पुढे पडला... काय करील माणूस? टाकली झडप, धरला घोटा, केतन तोंडावर. शिट्टी.

"अहो, हा फाऊल आहे. या खेळात हात लावायचा नाही."

"पकरलाय तं सोरू कशाला?"

बरं, गंमत ऐका, आता केतनला टोपलीत चेंडू टाकायला दोन फुकटच्या संधी, मध्ये कुणी कडमडायचं नाही. दामाजी चाट. "आपटला तो, आनि बक्षीस पन त्यालाच?"

हात लावायचा नाही ना, मग शहाण्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि छाती काढून धावला! केतन दोन हात लांब उडाला. शिट्टी. मग खांदा, शिट्टी. मग कोपर, थेट बरगडीत, केतन कुई करून वाकला, शिट्टी. मी, मानपाड्याचाच म्हातारा, बाकावरून ओरडतोय, "दामाजी, मांडी धर, मांडी!" आगीत तेल ओतायला काय वयाची अट असते? "आता कुठं लावला हात?" म्हणून दामाजी गर्रकन वळला, आणि डोकं नेमकं केतनच्या नाकावर. कटकन आवाज, नवऱ्यामुलाच्या पांढऱ्या शर्टावर लालभडक रांगोळी. पाचवा फाऊल, दामाजी बाहेर. केतनची आई बर्फ आणायला धावली. दिपिका भावाजवळ आली, हळू बोलली. "मांडवात दिसू नकोस."

लग्नाला दामाजी हॉलच्या दाराबाहेर, पाव्हण्यांच्या चपला राखत. आत अक्षता पडल्या, होम पेटला, आणि भटजींनी हाळी दिली, "नवरीचा भाऊ कुठाय? नवरदेवाचा कान पिळायला या."

आता दुसरा भाऊ आणायचा कुठून? दिपिकाने आधी डोळे वटारले, मग हळूच मान हलवली. दामाजी आला. केतनने दोन्ही हातांनी सुजलेलं नाक झाकलं आणि निमूट कान पुढे केला. दामाजीची बोटं कानापाशी जाऊन अडली. त्याने गुरुदत्तरावांकडे पाहिलं.

"साहेब, लावू का हात?"

गुरुदत्तरावांनी मुलाच्या नाकाकडे बघत उसासा टाकला.

"लावा. यात फाऊल नसतो."