गप्प बसणाऱ्यांचं प्रकरण

“सत्तेचं वेड लागलेल्या माणसाला ते वेड आहे हे शेवटच्या अंकात कळतं, प्रेक्षकाला मात्र पहिल्याच अंकात कळलं पाहिजे.” बावीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात हे वाक्य ज्यांनी म्हटलं, ते आजचे सत्कारमूर्ती, आमचे विभागप्रमुख सर, अध्यक्षस्थानी असलेल्या प्राचार्य मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि सरांच्या घरची मंडळी, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि “चांगलंच बोला हं” असं बजावलंही आहे. चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. जुन्या नाटकांतली आणि काव्यांतली सत्तेनं झपाटलेली माणसं सरांसारखी कुणी शिकवली? राजाचं भाषण वाचताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा सावरून बसायची. तास संपल्यावरही ती मान खाली येत नाही, हे आमच्या जरा उशिरा लक्षात आलं. हसा, हरकत नाही. सरही हसताहेत.

सरांच्या खोलीत एकच खुर्ची होती. संशोधन करणाऱ्यानं आपलं प्रकरण उभ्यानं वाचायचं आणि सरांनी बसून पेन्सिलीनं खुणा करायच्या, अशी पद्धत. मीही तीन वर्षं उभी राहिले. पदवी मिळाली, पाय दुखायचे थांबले, आणि मी ते विसरून गेले.

मग आमची धाकटी आली. विभागात सर्वांत लहान, म्हणून धाकटी; आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. तिच्या प्रबंधाचा विषय सरांच्याच आवडीचा: नाटकातला सत्तांध आणि कवितेतला सत्तांध. तिचं म्हणणं असं, की नाटकातल्याला कुणाशी तरी बोलावंच लागतं. बायकोशी, नोकराशी, निदान शत्रूशी. म्हणजे त्याला अडवायची संधी दर प्रवेशात कुणाला तरी मिळते. कवितेतला एकटाच बोलतो, आणि इतकं गोड बोलतो की वाचता वाचता आपणच त्याच्या बाजूचे होऊन जातो. चार प्रकरणं सरांना पसंत पडली. पाचवं होतं संधी मिळूनही गप्प बसणाऱ्यांवर. दार उघडून देणारे, दिवा धरणारे, “जशी आज्ञा” म्हणणारे.

सर म्हणाले, “हे काढा.”

“सर, बाकीची चार याच्यासाठीच लिहिलीत.”

“मग थांबा. घाई काय आहे? नवऱ्याचा पगार येतोय ना घरी?”

“येतो ना सर. पण त्याला प्रबंध लिहिता येत नाही.”

हसायला हवं होतं तिच्या उत्तराला. मी हसले सरांच्या प्रश्नाला. कारण त्या दिवशी मी बसलेली होते. दुसरं मत द्यायला म्हणून सरांनी माझ्यासाठी खास दुसरी खुर्ची मागवली होती. मी शेरा लिहिला: ‘पाचवे प्रकरण अनावश्यक. सहमत.’ सरांनंतर प्रमुखपद कुणाकडे जाणार, ते त्यांच्याच शब्दावर होतं, आणि मला ते हवं होतं. किती हवं होतं, हे मी माझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

याला सहा वर्षं झाली. प्रकरण तिनं काढलं नाही, सही सरांनी केली नाही. उद्यापासून मी विभागप्रमुख. सकाळपासून सगळे अभिनंदन करताहेत. मी हात जोडते आणि नजर चुकवते.

सर आज संध्याकाळी निवृत्त होतात. त्याआधी मार्गदर्शक म्हणून त्यांची सही झाली नाही, तर धाकटीची नोंदणी रद्द होईल आणि तिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. माझा शेरा मी काल लेखी मागे घेतला. पण सहीची जागा सरांची आहे, ती मला भरता येत नाही. धाकटी कुठे आहे म्हणता? बाहेर आपल्या सगळ्यांच्या चहाचं बघते आहे.

आयोजकांनी बोलायला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. वहिनी, नेमका आजचा दिवस मी कडू केला. तुम्ही रागावलात तरी ते बरोबरच आहे. बोलताना तोल गेला असेल तर तो माझा, धाकटीचा नाही. तिला यातलं काही ठाऊकही नाही.

सर, प्रबंध मी आणलाय, पाचव्या प्रकरणासकट. तुमच्या पुष्पगुच्छाशेजारी ठेवते आहे. सहीच्या पानावर कागदाची पट्टी घातली आहे, पेन वर आहे. तुम्ही आत्ताच चष्मा काढून खिशात घातलात, ते मी पाहिलं. तरी मागते, सगळ्यांसमोर मागते: एवढी एक सही करा.