कोशाच्या लुगड्यातली पोरगी

...अरे अरे, फडकं नोका उचलू कमलेशभाऊ! तुमच्या बहिणीचं, कामिनीचं चित्र वल्लंच हाय अजून. — हो, सात महिने झाले, मालूम हाय न मले. हे तैलचित्र हाय, दुकानाची पाटी नाही, सकाळी रंगवली न संध्याकाळी टांगली! जवसाचं तेल असते यात. पवनीकडच्या एका मालगुजाराचं चित्र नऊ वर्षं वाळलं नाही, शेवटी मालगुजारच वाळून गेला. — हसा न बाप्पा थोडं! — बरं, खरं सांगतो. हे चित्र घरी नेण्यासारखं नाही. दुपारी चारच्या सुमारास पोरगी पापणी हालवते. देवाजी च्यावाल्यानं पाह्यलं, त किटली इथंच टाकून पळाला, थेट कारध्याच्या पुलावर थांबला!

काय? सोमवारी वर्ष होते तिले जाऊन, न घरात फोटो नाही? मोबाईलमध्ये होते, न मोबाईल तिच्यासंगच गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेला — सांगितलं मले तुमच्या मायनं, ताराबाईनं. तुमची माय कामिनीच्या लग्नासाठी घेतलेलं कोशाचं रेशमी लुगडं घेऊन आली, नाक असं, हनुवटी तशी म्हणे. आता नुसत्या सांगण्यावर काढू कसं? कोणीतरी समोर बसावं लागते. माह्या पोरीले, हर्षाले बसवलं, तेच लुगडं नेसवून. बायको म्हणे, मेल्या पोरीचं लुगडं जित्या पोरीले कायले नेसवता? मी हसलो. हसलो न भाऊ! असल्या भुताच्या गोष्टी त मीच बनवत होतो गावभर. एकोणीस दिवस बसली. विसाव्या दिवशी ताप आला, न त्या आठवड्यातच... — तुमाले कोणी सांगितलं नाही? मीच कोणाले बोलू देत नाही.

फोटो? दोनशे हायेत हर्षाचे. सगळ्यात मोबाईलकडे पाहते. इथं मले पाहून राहिली — बाबा, मान दुखते, झालं का — अशी. पापणी कुठची हालवते भाऊ... मी बसून असतो समोर.

काय राहिलं म्हणता चित्रात? एक तीळ. ताराबाईनं सांगितलेला, ओठाखालचा. तेवढा टिपका ठेवला का ही कामिनी झाली, तुमची. रोज ब्रश बुडवतो. रोज पुसतो. — डावीकडे होता का उजवीकडे? — नोका! नोका सांगू. मले आयकाचं नाही. चपला घाला. ताराबाईले काय सांगाचं ते सांगा, पेंटर खोटारडा हाय म्हणा. — निंघा म्हणतो न.