तारेपलीकडे टाकलेला पाव

सन्माननीय अध्यक्ष हमदुल्लाशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले अलीमियाँ सारंग, पडद्याजवळ बसलेल्या माता-भगिनी, आणि खुर्च्या संपल्या म्हणून जिन्यावर उभे राहून ऐकणारे माझे रत्नागिरी-कुलाब्याचे बांधव, सर्वांना अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

मी खैरुद्दीन. बंदराच्या कामावर टाइमकीपर. वक्तृत्वाशी माझा संबंध तेवढाच, जेवढा सिमेंटच्या गोणीचा अत्तराशी. पण अध्यक्षांचा हुकूम झाला आणि उभा राहिलो. चाचांनी सकाळीच बजावलंय, "खैरू, दोन शब्द बोल आणि खलास." चाचा, आज तुमचा हुकूम मोडणार आहे. जे सांगणार आहे ते तुम्हाला आणि जहूरला विचारूनच सांगतोय, एवढं सभेला माहीत असावं.

अलीमियाँचाचांना कोण ओळखत नाही? जयगडचे खलाशी, बोटीवर सारंग होईपर्यंत चढलेले, आणि गेली अकरा वर्षं इथे दुबईत. आपल्यापैकी किती जणांना त्यांनी खाडीवर उतरवून घेतलं, पहिल्या रात्री आपल्या खोलीत जागा दिली, तिसऱ्या दिवशी कामावर लावलं! जहूरलाही त्यांनीच आणलं. जहूर म्हणजे त्यांच्या बोटीवरच्या सोबत्याचा, तय्यबचा मुलगा. बाप जहाजावर गेला तेव्हा हा चाळीस दिवसांचा होता. बाप परत आलाच नाही. लढाईत ताप येऊन वारला, इतकंच गावाला ठाऊक. तेही चाचांनीच येऊन सांगितलेलं.

आता एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाचसहा जण चहा पीत बसलो होतो. इंडियातला पेपर आला होता. संप, महागाई, टंचाई, नेहमीचंच. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आपल्या लोकांना एक हिटलर पाहिजे. महिन्यात सगळे सरळ होतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? आम्ही कुणी काही पाहिलं होतं? चाचा बाजूलाच होते. त्यांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला आणि उठून गेले. मला वाटलं, चहात साखर कमी असेल.

मग गेल्या वर्षी जर्मन क्रेन आली आणि ती उभी करायला एक तरुण इंजिनिअर आला. हेनिंगसाहेब. आज दुसऱ्या रांगेत बसलेत, आपल्या बिर्याणीच्या वासाने हैराण झालेले दिसतात. पहिल्याच आठवड्यात एक लोखंडी तुळई वर चढताना झोके घेऊ लागली. हेनिंगसाहेब इंग्लिशमध्ये ओरडतायत, पंजाबी ड्रायव्हरला कळत नाही. इतक्यात चाचा खालून गरजले, "सुत्ये! सुत्ये!" आणि हाताने खूण केली. ड्रायव्हरला खूण कळली, तुळई थांबली. पण हेनिंगसाहेब धावत खाली आले, पांढरेफटक. मला म्हणाले, "हा शब्द याला कुणी शिकवला? सुत्ये म्हणजे हळू, सांभाळून. हा पुस्तकातला जर्मन नाही. आमच्या खेड्यात माझी आजी बोलते."

मी चाचांना विचारलं. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेबाला सांग, त्याच्याच मुलखात शिकलो. चार वर्षं होतो."

त्या दिवशी टाइमऑफिसमध्ये बसून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. एकेचाळीस साली चाचांची बोट जर्मनांनी समुद्रात पकडली आणि सगळ्या खलाशांना त्यांच्या देशात नेऊन काटेरी तारेच्या छावणीत डांबलं. तिथल्या शेतकऱ्यांकडे बटाटे काढायला पाठवायचे. तिथेच एक म्हातारा शेतकरी "सुत्ये, सुत्ये" म्हणत असे. चाचांनी स्टेशनचं नाव सांगितलं, पवनचक्की सांगितली, पाइनचं रान सांगितलं.

हेनिंगसाहेबांचा चेहरा पडला. ते स्टेशन त्यांच्या गावापासून सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. ते म्हणाले, "त्या रानात मी फुटबॉल खेळलोय. तिथे छावणी नव्हती. याची काहीतरी चूक होतेय."

चाचा म्हणाले, "असेल. म्हातारा झालो." आणि कामावर गेले.

मंडळी, वयस्कर माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो आणि समोरचा म्हणतो तुमची चूक होतेय, तेव्हा त्याला काय वाटत असेल? पण हेनिंगसाहेबांचा दोष मी काढणार नाही. लढाई संपली तेव्हा ते तीन वर्षांचे. शाळेत कुणी शिकवलं नाही, घरात कुणी बोललं नाही. त्यांना जे कुणी सांगितलंच नाही, ते ते विसरणार तरी कसे?

त्यांचं एक मला आवडलं. त्यांनी विषय तिथेच सोडला नाही. वडिलांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यात हवा, गाय व्यालेली, चुलतभावाचं लग्न. छावणीबद्दल अवाक्षर नाही. मग आजीला लिहिलं. आजीचं चार पानी उत्तर आलं. साहेबांनी इंग्लिशमध्ये वाचलं, मी मराठीत सांगितलं, चाचा ऐकत होते.

आजीने लिहिलं होतं, "होय, छावणी होती. सावळे खलाशी होते. एका हिवाळ्यात त्यांच्यातल्या एका तरुणाला दोन दिवस फाटकाशी बर्फात उभं केलं होतं. शेजारच्या तारेच्या कुंपणात रशियन कैदी उपाशी मरत होते, त्यांच्याकडे त्याने पाव फेकला म्हणून. मी दूध घेऊन तिथून जात असे. दुसऱ्या दिवशी मी वाट बदलली. तुझ्या वडिलांना मी हे कधी सांगितलं नाही, त्यांनीही मला काही सांगितलं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिते."

मी थांबलो. चाचा पुढे सरकून बसले. म्हणाले, "त्या बाईला ठाऊक आहे? पावाचं ठाऊक आहे?"

तो तरुण तय्यब होता. जहूरचा बाप.

मग चाचा बोलले. त्यांचेच शब्द सांगतो. "खैरू, आम्हा दोघांना मिळून आठवड्याचा एक काळा पाव मिळायचा. त्यानं तो तारेपलीकडे टाकला. मला न विचारता. मी भडकलो. म्हटलं, घरी चाळीस दिवसांचं पोर सोडून आलायस, ते रशियन तुझे कोण लागतात? तो म्हणाला, भाई, ते बघतात ना आपल्याकडे. मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. मग कुणीतरी चुगली केली, त्याला बर्फात उभा केला. आत आणला तेव्हा अंगात ताप. मी बोलायला गेलो, पण तो ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. गावी येऊन त्याच्या बायकोला, ताजबीला काय सांगू? ताप सांगितला. ताप खोटा नव्हता ना!"

सव्वीस वर्षं हा माणूस अर्धी गोष्ट सांगत आला आणि अर्धी उराशी धरून बसला. आणि मी त्याच्यासमोर बसून हिटलर मागत होतो.

जहूरला चाचांनी स्वतः सांगितलं, शुक्रवारी नमाजनंतर, माझ्यासमोर. जहूर शेवटपर्यंत ऐकत बसला. मग एकदम भडकला. "सात वर्षं तुमच्या शेजारी जेवतोय! मला बाप म्हणजे एक ताप एवढंच माहीत होतं. आईला काय माहीत आहे? तुम्ही ठरवणारे कोण?" आणि चपला घालून निघून गेला. आठवडाभर दुसऱ्या गँगमध्ये काम केलं. चाचा रोज दोन माणसांचं जेवण मांडत, आणि एकाचं झाकून ठेवत.

आठव्या दिवशी जहूर आला. दारातच उभा राहून विचारलं, "चाचा, तो पाव कुणाचा होता?"

"दोघांचा."

"मग त्या पुण्याचा सवाबही दोघांना," जहूर म्हणाला, आणि येऊन जेवायला बसला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण हमदुल्लाशेठ घड्याळ बघतायत. हेनिंगसाहेब सुट्टीवर गेले तेव्हा कबर शोधत फिरले. एका कार्यालयात सांगितलं, असं कुणी नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आता कशाला? तिसऱ्या गावच्या दफनभूमीत, भिंतीजवळ, दगड सापडला. नाव चुकीचं कोरलेलं, पण खाली इंडिया लिहिलेलं. त्यांनी फोटो काढला, आणि आजीला सायकलवर मागे बसवून तिथे नेलं. परतल्यावर तो फोटो जहूरच्या हातात देऊन म्हणाले, "आय वॉज राँग." साहेब लोकांच्या तोंडून हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदा ऐकलं. हसू नका, हे खरं आहे.

गेल्या रमजानात जहूर फोटो घेऊन जयगडला गेला आणि आईला सगळं सांगितलं. आम्ही इथे काळजीत. चाचांची झोप उडालेली. सव्वीस वर्षं खोटं ऐकलेली बाई काय म्हणेल? शाप देईल? तोंड बघणार नाही?

जहूर परत आला तो हसत. ताजबी आधी खूप रडल्या म्हणे. मग डोळे पुसून म्हणाल्या, "असाच होता तो. मी भाकऱ्या मोजून करायची आणि तो दारातल्याला देऊन यायचा. मला वाटायचं, परक्या मुलखात जाऊन बदलला असेल." आता मोहल्ल्यातली पोरं रोज त्यांच्या ओट्यावर येतात आणि ही गोष्ट ऐकवा म्हणतात. पण ताजबींना ती पुरती येत नाही. छावणी कशी होती, रशियन कसे होते, तो नक्की काय बोलला, हे त्या कुठून सांगणार?

म्हणून चाचा चाललेत. कंपनी आणखी दोन वर्षं ठेवायला तयार होती. हाडं चांगली आहेत, नजर चांगली आहे. पण मंगळवारच्या बोटीचं तिकीट काढलंय, इन्शाल्ला सुखरूप पोचतील.

अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, हॉल ज्यांनी दिला, जेवण ज्यांनी रांधलं आणि अजून गरम ठेवलंय, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. हेनिंगसाहेब, तुमच्या आजीला आमचा सर्वांचा सलाम लिहा. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर हजेरी लिहिणाऱ्याची खाडाखोड समजून पोटात घाला. त्या दिवशीच्या चहाची माफी मात्र मी चाचांकडे वेगळी मागतो.

आणि चाचा, ताजबीभाभींनी जहूरसोबत तुम्हाला निरोप धाडला होता. तो तुम्ही ऐकलाय, सभेने ऐकलेला नाही. त्या म्हणाल्या, "अलीमियाँला सांग, इतकी वर्षं मला ताप सांगितलास. आता ये, आणि पाव सांग."