सावरखेड्यातला दुसरा केबलवाला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. ज्याला आपल्यावाचून दुसरा कोणी नाही, त्याच्याशी आपण कसं वागतो? हं! मग ऐका तर!

सावरखेड्यात केबलवाला एकच — कुंडलिक ढमढेरे. महिन्याला तीनशे! देवाला नारळ द्यायला उशीर झाला तर देव थांबतो हो; कुंडलिकाचे पैसे थकले की दुसऱ्या दिवशी पडदा काळा!

खालच्या आळीत गजराबाई. लेक सासरी, सोबतीला फक्त टीव्ही. एकदा मालिकेत लग्न लागत होतं, अंतरपाट दूर व्हायचा — आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! बाईंनी फोन लावला. "कुंडलिका, चित्र गेलं रे!"

हा खाटेवर आडवा. म्हणतो, "मग दुसरीकडनं घ्या केबल!"

दुसरीकडं होतं काय? ओढा!

पण भगवंतालाही विनोद कळतो बरं! त्याच दिवाळीत शकील तांबोळीनं गावात तारा ओढल्या. "दोनशे रुपये, मावशी!" कुंडलिकाची झोप उडाली. "मी एकशेऐंशी!" शकील म्हणतो, "दीडशे!" हा म्हणतो, "दीडशे, वर देवाधर्माची वाहिनी फुकट!" — आता जी मुळातच फुकट, ती देऊन कसलं पुण्य? पण असो!

खाट सोडून गडी कौलांवर चढायला लागला. वरनं ओरडतो, "मावशी, दिसतंय का?"

"तू दिसतोस, चित्र नाही!"

आळी हसली. कुंडलिकही हसला. खाली उतरल्यावर बाईंनी चहा पुढं केला. "गोड बोलतोस की रे! इतकी वर्षं कळलंच नाही!" मंडळी, चाळिशीचा बाप्या — कानापर्यंत लाजला! मग रोज काहीतरी निमित्त काढून यायला लागला.

पण दर उतरले तसे दोघांचे खिसेही उतरले. दोघं हॉटेलात बसले. शकील म्हणाला, "ओढ्याअलीकडं तू, पलीकडं मी. भांडण मिटलं!" मिटलं कुणाचं? त्यांचं! गावाला पुन्हा तीनशे! आणि कुंडलिक पुन्हा खाटेवर.

एके दुपारी गजराबाईंचा फोन. हा खेकसला, "काय बिघडलं आता?"

"काही नाही रे. थालीपीठ लावलंय. येतोस का? बऱ्याच दिवसांत फिरकला नाहीस."

गेला. पहिला घास तोंडात, तोच बाईंनी सहज विचारलं, "तेव्हा शकीलच्या धाकानं येत होतास, व्हय?"

राग नाही, टोमणा नाही. नुसतं विचारलं! यानं ताट बाजूला सारलं. हात धुतला आणि तडक ओढा ओलांडला. "शकील, आपलं ठरलेलं मोडलं! तू अलीकडं ये. तू समोर असलास की मी माणसात राहतो."

शकील म्हणाला, "बरं झालं बाबा! मलाही लोक आता पाणी विचारेनात!"

दर उतरले. दोघं पुन्हा कौलांवर!

हसलात ना? हसा! पण घरी गेल्यावर बघा. तुमच्या म्हातारीला दुसरा मुलगा आहे का? बायकोनं हाक मारली, तर 'ओ' द्यायला दुसरा कोणी आहे का? तिथं शकील तांबोळी यायचा नाही, मंडळी! तिथं तुम्ही एकटेच. मग सांगा — खाटेवर आहात, की कौलांवर?