मावत नाही सर!

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, पेपर हळू उलटा, मीटिंग चालू आहे!" तुम्हाला सांगतो, जेवणाचं टेबल माझं, खुर्ची माझी, पण लेकीनं लॅपटॉप मांडला की मी घरात पाहुणा! बरं, काम काय? तर कम्प्युटरच्या मेमरीची वाटणी. त्या मेमरीची म्हणे लाखो पानं असतात, आणि प्रत्येक पानाची एकेक नोंद. नोंद चौसष्ट बाइटांत मावलीच पाहिजे. एकेकीनं जरा अंग पसरलं, तर नोंदीच सगळी मेमरी गिळणार! कामापेक्षा कागद जड... हे मला नका शिकवू, मी जन्मभर कारकुनी केलीय. म्हणून या बाईनं प्रोग्रॅममध्येच एक ओळ घातली: नोंद चौसष्टच्या वर गेली, की प्रोग्रॅम तयारच होणार नाही. आधी चालवा, मग रडा, ही भानगडच नाही!

आणि गेल्या महिन्यात प्रोग्रॅम अडला की हो! तिच्या साहेबांनीच नोंदीत नवी माहिती कोंबलेली. लॅपटॉपमधून गुरगुरले, "अगं, आठच बाइट वाढलेत! काढ ती ओळ, उद्या गिऱ्हाइकाला द्यायचंय!"

"मावत नाही सर."

"तुझी बढती माझ्याच हातात आहे, लक्षात ठेव!"

माझा चहाचा कप ओठाशीच थांबला... अहो, आमच्या साहेबानं एवढं म्हटलं असतं तर मी ओळच काय, भिंत पाडून दिली असती! आणि ही? "मावत नाही सर." स्वयंपाकघरातून बायको कुजबुजली, "अहो, सांगा ना तिला, काढ म्हणावं!" मी सांगू? मला पेपर उलटायची परवानगी नव्हती!

मग दुपारभर ती नोंद उसवत बसली, आणि सापडलं! दोन रकाने असे, की एक भरलेला असताना दुसरा कायम रिकामा. दिवसपाळी आणि रातपाळीवाल्याला एकच खुर्ची पुरते ना? तसं दोघांना एकाच जागी बसवलं. साहेबांची माहिती मावली, ओळही राहिली, प्रोग्रॅम बिनतक्रार तयार! साहेब खाकरले, "हं... राहू दे ती ओळ. बाकीच्या नोंदींनाही घाल." आणि बढती? दिली की! न देऊन सांगतात कुणाला?

तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवतोय, "पोरगी महाहट्टी, अगदी माझ्यावर गेलीय!" काल बायकोनं ऐकलं. "काय म्हणालात? लग्नापासून मी हेच सांगतेय, तेव्हा 'छे, मी कुठं हट्टी' म्हणत होतात!"

केलं कबूल! अभिमान घ्यायचा, तर आरोपासकट घ्यावा लागतो.